शोध ते उपचार: ट्रान्सलेशनल संशोधनात नेमके काय बदलते आहे

१९७९ ते १९८३ या काळात मूलभूत विज्ञानाच्या नामवंत नियतकालिकांत असे १०१ शोधनिबंध प्रसिद्ध झाले, ज्यांच्या लेखकांनी आपल्या शोधातून नवा उपचार निघेल अशी आशा स्पष्ट शब्दांत व्यक्त केली होती. त्या आशांचे पुढे काय झाले, याचा हिशेब काही संशोधकांनी २००३ मध्ये मांडला. १०१ पैकी २७ कल्पनांची माणसांवर निदान एक तरी रीतसर तुलनात्मक चाचणी झालेली होती, पाच कल्पनांमधून परवाना मिळालेले उपचार निघाले होते आणि त्यांपैकी मोठ्या प्रमाणावर वापरात आलेला उपचार अवघा एक होता. हे निबंध सुमार दर्जाचे नव्हते; आपापल्या क्षेत्रातले ते उत्तम काम होते आणि मध्ये गेलेली वीस वर्षेही थोडी नव्हती. तरीही शोध आणि उपचार यांच्यामधले अंतर बहुतेकांना पार करता आले नाही.

हे अंतर का पडते आणि ते कमी कसे करता येईल, याचा पद्धतशीर अभ्यास आणि त्यासाठीचे प्रत्यक्ष काम म्हणजे ट्रान्सलेशनल वैद्यकीय संशोधन. त्याचे ढोबळ मानाने दोन भाग पडतात. प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट सुरक्षितपणे पहिल्या माणसापर्यंत नेणे आणि ती तिथे खरी ठरते का हे चाचण्यांमधून पाहणे, हा पहिला भाग; सिद्ध झालेला उपचार ज्यांना हवा त्या सर्वांपर्यंत रोजच्या व्यवहारात पोहोचवणे, हा दुसरा. पहिल्या भागावर पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही अधिक मिळतात, दुसरा भाग कंटाळवाणा समजला जातो, आणि माझ्या मते या क्षेत्राचे सर्वांत मोठे नुकसान या समजुतीनेच झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०११ च्या अखेरीस या कामासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले, तेव्हा एखाद्या विशिष्ट रोगाऐवजी सगळ्याच रोगांच्या वाटेत आडवे येणारे समान अडथळे शोधणे हे त्याचे काम ठरवण्यात आले.

या अडथळ्यांमध्ये पहिला मान उंदराला द्यावा लागतो. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वंशाचे, जवळपास एकाच वयाचे, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले आणि एकसारखे खाणारे असतात. त्यांच्यात रोग नैसर्गिकपणे होत नाही, तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत मुद्दाम घडवून आणला जातो. माणसाला अल्झायमर होतो तो आयुष्याच्या उतरणीला, अनेक वर्षांच्या मंद प्रक्रियेतून, आणि सहसा सोबत मधुमेह, रक्तदाब किंवा मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकारही असतात. मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन काढून टाकल्यावर उंदरांची स्मृती सुधारल्याचे निष्कर्ष कितीतरी वेळा आले. माणसांवरच्या चाचण्या मात्र एकामागून एक फसत गेल्या, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधानेही रोग थांबवला नाही. अठरा महिन्यांत रुग्णांची घसरण त्याने सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे उंदरांनी दाखवलेली दिशा पूर्णपणे चुकीची नव्हती, पण तिच्यावरून बांधलेला परिणामाचा अंदाज फारच मोठा होता.

दुसरा अडथळा अधिक अवघडल्यासारखे वाटायला लावणारा आहे. २०१२ मध्ये अॅमजेन या औषध कंपनीत काम केलेल्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की कर्करोगावरील ५३ महत्त्वाच्या शोधनिबंधांमधले निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहिले, तेव्हा केवळ सहा निबंधांचे निष्कर्ष पुन्हा तसेच मिळाले. पुढे २०२१ मध्ये कर्करोग जीवशास्त्रातील प्रयोगांची पडताळणी करणारा एक मोठा प्रकल्प पूर्ण झाला. त्यात २३ निबंधांमधील ५० प्रयोग पुन्हा करण्यात आले आणि मिळालेले परिणाम मूळ परिणामांच्या तुलनेत साधारण ८५ टक्क्यांनी लहान निघाले. यामागे लबाडी असतेच असे नाही. प्राण्यांची संख्या अपुरी असते, कोणत्या प्राण्याला औषध दिले आहे हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि जमलेला प्रयोग छापला जातो तर न जमलेला कपाटात राहतो. या सगळ्यांचा एकत्र परिणाम असा होतो, की पाया भुसभुशीत असतानाच त्यावर मानवी चाचणीची इमारत उभी राहते.

प्राणी आणि माणूस यांच्यातला फरक किती सूक्ष्म आणि किती घातक असू शकतो, हे मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीने दाखवले. टीजीएन-१४१२ नावाचे एक प्रतिपिंड रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशींवरील सीडी-२८ या रेणूला चिकटून त्या पेशींना उद्दीपित करत असे, आणि संधिवात व रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग यांवर त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा होती. माकडांना त्याचा मोठा डोस देऊनही काही बिघडले नव्हते. सावधगिरी म्हणून निरोगी स्वयंसेवकांसाठी त्या डोसाचा पाचशेवा भाग निवडण्यात आला. सहा तरुणांना औषध आणि दोघांना निष्क्रिय द्रव देण्यात आला, तोही काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ एक. दीड तासाच्या आतच औषध मिळालेल्या सहाही जणांना डोकेदुखी, पाठदुखी, ताप आणि थंडी सुरू झाली, आणि पुढच्या काही तासांत त्यांची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अतिदक्षता विभागातील उपचारांनी सर्वांचे प्राण वाचले, पण आघात फार मोठा होता.

कारण उलगडायला काही वर्षे लागली. संसर्गाची स्मृती बाळगणाऱ्या आणि क्षणात चवताळून उठणाऱ्या विशिष्ट टी-पेशींवर माणसात सीडी-२८ हा रेणू असतो; चाचणीसाठी वापरलेल्या माकडांच्या त्याच प्रकारच्या पेशींवरून तो नाहीसा झालेला असतो. म्हणजे माकडात औषधाला धरायला जागाच नव्हती, आणि तिथली शांतता हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हता. या घटनेनंतर युरोपातील नियम बदलले. माणसाला द्यायचा पहिला डोस केवळ प्राण्यांनी किती सोसले यावरून न ठरवता, मानवी पेशींवर किती मात्रेला किमान परिणाम दिसू लागतो यावरून ठरवण्याची पद्धत पुढे आली, आणि पहिल्या स्वयंसेवकाला औषध दिल्यावर पुरेसा वेळ थांबूनच दुसऱ्याकडे वळण्याची शिस्त लागली. आज अनेक देशांत नव्या प्रतिपिंडांच्या पहिल्या चाचण्या या नियमांखाली होतात.

गेल्या दोन दशकांतला खरा बदल माझ्या दृष्टीने इथे आहे: संशोधनाची सुरुवात प्राण्याऐवजी माणसापासून करण्याचे प्रमाण वाढले. माणसांमध्ये निसर्गाने आधीच करून ठेवलेले प्रयोग असतात, फक्त ते शोधावे लागतात. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना जन्मतः अतिशय वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या कुटुंबांत पीसीएसके-९ या जनुकातला दोष सापडला. त्यानंतर अमेरिकेत नेमकी उलटी माणसे सापडली: ज्यांच्यात हे जनुक बिघडल्यामुळे निष्क्रिय झाले होते, ज्यांचे वाईट कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी राहिले आणि ज्यांना हृदयविकार क्वचितच झाला, पण ज्यांच्या प्रकृतीत इतर काही खोट दिसली नाही. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखले तर हृदयाचे रक्षण होईल आणि शरीराला त्याची मोठी किंमत मोजावी लागणार नाही, ही दोन्ही उत्तरे औषध बनवण्यापूर्वीच हाती आली. २०१५ मध्ये ही औषधे बाजारात होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, ज्या औषधाच्या लक्ष्याला मानवी जनुकांमधून मिळालेला पुरावा असतो, ते यशस्वी होण्याची शक्यता असा पुरावा नसलेल्या औषधाच्या सुमारे २.६ पट असते.

हीच वाट सर्वांत लांबून आणि सर्वांत स्पष्ट दिसते ती सिकलसेल आजाराच्या बाबतीत, म्हणून तिथे थोडे थांबतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा असल्याचे दाखवले, आणि पुढच्या काही वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष एका अमिनो आम्लाच्या बदलापुरता असल्याचे सिद्ध केले. रोगाचे मूळ रेणूच्या पातळीवर इतके अचूक ठाऊक असलेला दुसरा आजार त्या वेळी नव्हता. तरी उपचार मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. वाट सापडली ती एका बालरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणातून. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले, की हा आजार घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशी फारच कमी असतात. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, ते जन्मानंतर काही महिन्यांत कमी होते आणि तेवढा काळ ते बाळाचे रक्षण करते. पुढे पूर्व सौदी अरेबियात आणि भारतातील काही समाजांत असे रुग्ण आढळले, ज्यांच्यात हे गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून होते आणि ज्यांचा आजार त्या मानाने सौम्य होता.

मग प्रश्न असा उरला, की शरीर हे हिमोग्लोबिन बनवायचे थांबवते कसे. त्याचे उत्तर २००७ आणि २००८ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची तुलना केल्यावर हाती लागले. ज्यांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन थोडे जास्त होते, त्यांच्यात बीसीएल-११-ए या जनुकाच्या परिसरात विशिष्ट फरक दिसले, आणि बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवून दिले, की हेच जनुक गर्भकालीन हिमोग्लोबिन दाबून ठेवते. मात्र ते सरळ बंद करता येत नव्हते, कारण रक्तातल्या इतर पेशींना आणि मेंदूच्या वाढीलाही ते लागते. २०१३ मध्ये त्याच गटाला डीएनएचा असा एक छोटा पट्टा सापडला, जो या जनुकाला केवळ लाल रक्तपेशी तयार होताना चालना देतो. त्या पट्ट्यावर घाव घातला तर जनुक बाकी सगळीकडे आपले काम करत राहते आणि लाल पेशींमध्ये तेवढे मंदावते. घाव घालण्याचे साधन एका वर्षापूर्वीच, २०१२ मध्ये, जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांच्या क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्रावरील कामातून उपलब्ध झाले होते.

या दोन्हींतून घडलेल्या सिकलसेलवरील उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्यानंतर महिन्याभरात मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला तो जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार ठरला. अमेरिकेत मान्यता देताना ज्या ३१ रुग्णांचा पाठपुरावा पुरेसा लांब होता, त्यांपैकी २९ जणांना या आजारात येणारा तीव्र वेदनांचा एकही झटका सलग किमान बारा महिने आला नव्हता. हे रुग्ण निवडले होते तेच मुळी वारंवार झटके येणारे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. पण उपचाराची प्रत्यक्ष पद्धत पाहिली की उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी गोळा करायच्या, त्या दूरच्या विशेष प्रयोगशाळेत पाठवून संपादित करायच्या, मधल्या काळात कित्येक महिने थांबायचे, मग तीव्र केमोथेरपी देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची आणि संपादित पेशी परत द्यायच्या. केमोथेरपीमुळे वंध्यत्व येऊ शकते, संसर्गाचा धोका असतो, आणि नव्या पेशी रुजेपर्यंत अनेक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात.

केमोथेरपी टाळून संपादनाचे साहित्य थेट शरीरात सोडता आले, तर चित्र पालटेल. इथे आरएनए लशींमागच्या तंत्राचा संबंध येतो. संदेशवाहक आरएनए शरीरात सोडला की प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजून भडकते, ही मूळ अडचण होती. २००५ मध्ये कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी आरएनएच्या एका घटकात छोटा रासायनिक बदल करून ती दूर केली, आणि त्या वेळी जवळपास कोणी दखल न घेतलेल्या या कामाला २०२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी अडचण वाहनाची होती, कारण उघडा आरएनए रक्तात क्षणभरही टिकत नाही. मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत तो गुंडाळण्याची युक्ती अनेक वर्षांच्या खटपटीनंतर पक्की झाली, आणि २०१८ मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या पॅटिसिरान या औषधातून ती प्रथमच मान्यताप्राप्त उपचारात आली. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूची जनुकीय रचना जाहीर झाली तेव्हा पाकीट तयार होते, फक्त आतले पत्र लिहायचे होते. डिसेंबर २०२० मध्ये लस देणे सुरू झाले. लोकांना ती अकरा महिन्यांत बनल्यासारखी वाटली आणि काहींना तेवढ्यावरूनच संशय आला. मागची पंधरा वर्षे त्यांच्या नजरेसमोर नव्हती, याचा दोष काही अंशी ती न सांगणाऱ्यांकडेही जातो.

याच पाकिटाचा सर्वांत धाडसी वापर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात झाला. यकृतातील सीपीएस-१ या विकराच्या जन्मजात अभावामुळे शरीरातला अमोनिया बाहेर टाकता न येणाऱ्या एका बाळासाठी, त्याच्या डीएनएमधली नेमकी एक चूक दुरुस्त करणारे औषध मुद्दाम तयार करण्यात आले. निदानापासून पहिल्या डोसापर्यंत जेमतेम सहा-सात महिने लागले आणि तेवढ्या वेळात पेशींवरील आणि प्राण्यांवरील सुरक्षितता चाचण्याही उरकण्यात आल्या. रेणूचा एकच घटक बदलणारे हे संपादनतंत्र २०१६ पासून डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत विकसित होत आले होते. तीन डोसांनंतर बाळाला आधीपेक्षा अधिक प्रथिने पचू लागली आणि औषधे कमी करता आली. यकृताचा तुकडा काढून तपासणे त्या बाळासाठी धोक्याचे असल्यामुळे किती पेशी दुरुस्त झाल्या हे मोजलेले नाही, आणि एका रुग्णावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही हेही खरे. तरी औषधनियामकांपुढे त्याने एक नवा पेच टाकला आहे: ज्या औषधाचा जगात एकच रुग्ण असू शकतो, त्याची तुलनात्मक चाचणी घ्यायची कोणाशी? मेदकण स्वाभाविकपणे यकृतात जातात, म्हणून यकृताचे आजार आधी हाताशी आले. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत तेच कण पोहोचवण्याचे प्रयोग उंदरांमध्ये जमले आहेत, आणि उंदरांबद्दल वर लिहिले ते इथेही लागू आहे.

काही वेळा प्रवास आडवा होतो, म्हणजे एका रोगाचा उपचार दुसऱ्याच रोगाकडे वळतो. रुग्णाच्याच टी-पेशी घेऊन त्यांना कर्करोगपेशी ओळखायला शिकवणाऱ्या कार-टी उपचाराला २०१७ मध्ये ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. हा उपचार बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा नायनाट करतो, आणि ल्युपस या आजारात शरीरावरच उलटणारी प्रतिपिंडे याच पेशींच्या वंशातून येतात. एवढा धागा पकडून जर्मनीतील एर्लांगेन येथे गेऑर्ग शेट यांच्या गटाने अन्य औषधांना न जुमानणाऱ्या ल्युपसच्या पाच रुग्णांना कार-टी पेशी दिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शमला आणि त्यांची इतर औषधे थांबवता आली. पुढे बी-पेशी परत आल्या तरी आजार लगेच परतला नाही, हे त्या अहवालातले सर्वांत कुतूहलजनक वाक्य आहे, कारण त्यातून ल्युपसच्या मुळाविषयीचा नवा प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेत गेला.

चाचण्यांची रचना बदलणे हे काम तुलनेने रुक्ष दिसते, पण जीव त्यानेच अधिक वाचले आहेत. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या रिकव्हरी चाचणीत कोविडच्या रुग्णांसाठी अनेक औषधे एकाच आराखड्यात, एकाच वेळी तपासली गेली. थकलेल्या डॉक्टरांना पाने भरायला लागू नयेत म्हणून नोंदी मुद्दाम अगदी थोड्या ठेवल्या होत्या आणि कोणाला कोणते औषध हे संगणक यादृच्छिकपणे ठरवत होता. १६ जून २०२० रोजी डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, केवळ प्राणवायू लागणाऱ्यांमध्ये फायदा कमी होता आणि प्राणवायूची गरज नसलेल्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शंका राहिली. १९५० च्या दशकापासून उपलब्ध असलेले हे स्टेरॉइड द्यावे की नाही यावर डॉक्टरांमध्ये तोवर मतभेद होते, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तर्कशुद्ध होते. त्याच चाचणीने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा उपयोग होत नसल्याचेही दाखवून दिले. नको असलेले औषध बाजूला काढणे हीसुद्धा प्रगतीच आहे, पण तिचे अभिनंदन करायला फारसे कोणी येत नाही.

प्राण्यांवरचे अवलंबित्व कमी करणाऱ्या मानवी नमुन्यांची साधनेही या काळात हाती आली. २००९ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या एका मूळ पेशीपासून आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती वाढवण्यात यश आले. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात क्षार वाहून नेणारे प्रथिन बिघडलेले असते. रुग्णाच्या आतड्यातून घेतलेल्या पेशींपासून अशा प्रतिकृती वाढवून त्यांच्यावर औषध घातले, की प्रथिन चालू झाल्यास त्या फुगतात आणि न झाल्यास तशाच राहतात. एखाद्या दुर्मीळ बिघाडावर कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज रुग्णाला औषध देण्यापूर्वीच त्यावरून बांधता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती काढली आणि अशा पर्यायांना वाट मोकळी केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांच्या रचनेचे अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या निर्मात्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. पण या साधनाने प्रवासाचा पहिला तुकडा लहान होतो, आणि तो तुकडा कधीच सर्वांत लांब नव्हता. पहिल्या मानवी चाचणीत उतरलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ अजूनही मान्यतेपर्यंत पोहोचत नाहीत.

म्हणून एखाद्या शोधाची बातमी वाचताना प्रयोग कोणत्या सजीवावर झाला, किती जणांवर झाला आणि तुलना कशाशी होती, एवढे पाहिले तरी बरेचसे धुके निवळते. त्यापलीकडे आणखी एक गोष्ट पाहावी: मोजले काय? हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके दिसणाऱ्या रुग्णांना ते ठोके दाबणारी औषधे दिली जात असत, आणि ठोके खरोखरच कमी होत. १९८९ मध्ये तुलनात्मक चाचणीत त्यांपैकी दोन औषधे घेणाऱ्यांमधले मृत्यू निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त असल्याचे उघड झाले. आलेख सुधारला होता, रुग्ण सुधारला नव्हता.

उरला तो प्रवासाचा दुसरा भाग, आणि तो पुन्हा सिकलसेलच्याच उदाहरणाने स्पष्ट होतो. या आजाराच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात, हे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झाले. फरक इतका उघड होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. याचा लाभ मिळण्यासाठी आजार जन्मतःच ओळखला जायला हवा, आणि नवजात बाळांची ही तपासणी अमेरिकेच्या सर्व राज्यांत लागू व्हायला २००६ साल उजाडले. औषध जुने होते, तपासणी सोपी होती, पुरावा निर्विवाद होता, तरी वीस वर्षे गेली. जगात हा आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मतात, आणि तिथल्या बहुतांश भागात अशी तपासणी आजही नियमित होत नाही.

गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी अमेरिकेत १९९८ पासून मान्यताप्राप्त आहे. आफ्रिकेत ती देण्याबाबत डॉक्टर कचरत होते, कारण तिच्याने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि त्यामुळे मलेरिया बळावेल अशी रास्त भीती होती. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतील ६०६ मुलांना ही गोळी देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले, तेव्हा वेदनांचे झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि मृत्यू तर कमी झालेच, शिवाय मलेरियाही कमी झाला. आता या गोळीपुढचे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. मुलाच्या वजनानुसार डोस ठरवायचा, पांढऱ्या पेशी फार खाली जात नाहीत ना हे ठरावीक अंतराने मोजायचे, आणि जिथे रक्त तपासणारे यंत्र दिवसभराच्या अंतरावर आहे तिथे ही मोजणी किती वेळा केली तरी पुरते, हे शोधायचे. त्यासाठी नवा रेणू लागत नाही; परिचारिका, यंत्र, औषधाचा अखंड पुरवठा आणि या सगळ्याची पुन्हा एक शिस्तबद्ध चाचणी लागते.